आईबापांवाचून आलेली लेकरे

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत मागील धर्मगुरूंचे गुण गावे, देवळाची पहिली भिंत कोणी उभारली ते सांगावे, असा रिवाज आहे. ते काम ह्याच पुस्तिकेत आमच्याहून जाणत्या मंडळींनी केले आहे, म्हणून आम्ही त्यात पडत नाही. आम्हांस जो विषय घ्यावयाचा आहे तो प्रथमदर्शनी फार दूरचा वाटेल. युद्धाने, दंग्याने किंवा दुष्काळाने देशोधडीला लागून, आईबापांचे बोट सुटून, एकटीच परमुलखात येऊन पडलेली जी लेकरे, त्यांच्या मनाचे काय होते, हा तो विषय होय. तो आजच का, असे कोणी विचारील. त्याचे कारण महोत्सव समितीपुढे असलेला बोर्डिंगचा प्रश्न. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

निर्वासित हा शब्द आपणांस अपरिचित नाही. आपल्या मुलखात त्याचा धाकटा भाऊ धरणग्रस्त हा शब्द घरोघर बोलला जातो. १९२८ साली पुरे झालेल्या भाटघरच्या लॉइड धरणापासून पुढे पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी ह्या धरणांपर्यंत किती गावठाणे पाण्याखाली गेली ते येथे बसलेल्या वृद्धांस ठाऊक आहे. वाडवडिलांची चूल सोडून जाणे म्हणजे काय, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. तथापि त्या उठलेल्या गावांतून माणसे निघाली ती कुटुंबेच्या कुटुंबे निघाली. बाप पुढे, आईच्या कडेवर पोर, आणि मागून म्हातारी. घर गेले तरी घरची माणसे होती. आमचे आजचे बोलणे ज्यांची माणसेही गेली त्यांच्याविषयी आहे.

आपल्या प्रभूस बाळपणी हेरोदाच्या भीतीने मिसर देशी पळून जावे लागले, हे आपण जाणतो, आणि निर्वासितांविषयी बोलताना प्रत्येक धर्मगुरू तोच दाखला देतो. आम्हीही पुष्कळदा दिला आहे. परंतु त्या बाळाजवळ मरीयामाता होती आणि योसेफबाबा होते. आमच्या मते ह्या विषयाचा खरा दाखला दुसरा योसेफ होय: याकोबाचा मुलगा, ज्याला भावांनी विकले आणि जो सतरा वर्षांचा असताना एकटाच मिसरात नेला गेला. त्याचे पुढे सगळे चांगले झाले. तो राजाचा कारभारी झाला, त्याचा संसार झाला, आणि पहिला मुलगा झाला तेव्हा त्याने त्याचे नाव मनश्शे ठेवले. देवाने मला माझ्या बापाच्या घराचा विसर पाडला, असा त्या नावाचा अर्थ त्यानेच सांगितला आहे. आता पाहा, ज्याला खरोखर विसर पडला तो पोटच्या पोराला विसर असे नाव ठेवील काय? रोज त्या पोराला हाक मारताना बापाचे घर आठवावयाचे, ही विसरण्याची कोणती रीत! आणि पुढे भाऊ धान्य न्यावयास आले तेव्हा तोच कारभारी तोंड फिरवून आतल्या खोलीत जातो, रडतो, आणि तोंड धुऊन पुन्हा बाहेर येतो. वीस वर्षे उलटली तरी घाव ओला होता. वैद्यकाने ह्या दुखण्यास नाव देण्याच्या कितीतरी शतके आधी ते शास्त्रात लिहून ठेवले आहे.

असो. आता आपल्याच महाराष्ट्रात घडलेली गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, सप्टेंबर १९३९ मध्ये, पोलंड देश पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून रशियाने वाटून घेतला. फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत रशियाने पूर्व पोलंडातील लाखो माणसे, त्यांत बायका व मुले, मालगाड्यांत कोंडून सैबेरिया, कझाकस्तान व उत्तरेकडील अरण्यांत नेऊन टाकली. मग जर्मनीने रशियावरच स्वारी केली, तेव्हा जुलै १९४१ मध्ये करार होऊन ह्या लोकांस मोकळीक मिळाली, आणि जनरल आंदेर्स ह्यांच्या नव्या पोलिश सैन्याच्या मागोमाग ही भुकेली माणसे दक्षिणेकडे निघाली. १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून लाखाहून अधिक माणसे इराणच्या पहलवी बंदरात उतरली. त्यांत हजारो मुले होती. पुष्कळांचे आईबाप वाटेत टायफॉइडने किंवा उपासाने गेले होते. आणि काहींचे, हे ऐकताना काळीज थरथरते, जिवंत होते. आपल्याजवळ ठेवले तर पोर मरेल, अनाथालयात घातले तर त्याला देशाबाहेर नेतील, एवढी एकच आशा धरून कित्येक आयांनी आपली पोरे अनाथ म्हणून आपल्याच हाताने सोपवून दिली.

ह्या मुलांची एक टोळी अश्काबादेहून मालमोटारींतून मेशेदमार्गे वाळवंट ओलांडीत १९४२ च्या वसंतात मुंबईस आली आणि काही काळ वांद्र्यास राहिली. पुढे जुलै १९४२ मध्ये काठेवाडात, जामनगरजवळ बालाचडी येथे समुद्रकाठी त्यांची वसाहत झाली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी हे त्या वेळी नरेंद्रमंडळाचे चॅन्सलर होते. स्वतःच्या संस्थानात जागा देऊन त्यांनी मुलांस सांगितले की आता तुम्ही पोरके नाही, मी तुमचा बापू आहे, अशी आठवण ती मुले पुढे म्हातारपणी सांगत. वसाहतीचे प्रमुख फादर फ्रांचिशेक प्लुता नावाचे पोलिश धर्मगुरू होते. पोलिश भाषेची शाळा, स्काउटांचे पथक, नाटके, चेंडूचे खेळ, सर्व काही तेथे होते. एकदा पालकाची भाजी नको म्हणून मुलांनी संप केला आणि जामसाहेबांनी आचाऱ्यास ती भाजी बंद करावयास सांगितले, असेही सांगतात. ही गोष्ट ऐकून लोक हसतात, परंतु तिचे मोल आम्हांस फार वाटते. दोन वर्षे ज्यांच्या जेवण्याखाण्याचे, निजण्याचे, जगण्यामरण्याचे सगळे निर्णय बंदूकवाल्यांनी केले, त्या लेकरांनी पहिल्यांदा ‘नको’ म्हटले आणि ते कोणी तरी ऐकले.

दुसरी व फार मोठी वसाहत १९४३ मध्ये आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे झाली. सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक बायका व मुले, चटयांच्या भिंती आणि कौलांची छपरे असलेल्या बराकींत १९४८ पर्यंत राहिली. तेथे देऊळ होते, शाळा होत्या, इस्पितळ होते, बाजार होता, नाटकगृह होते, आणि पोरक्या मुलांसाठी वेगळे अनाथालयही होते. बालाचडीची वसाहत १९४६ मध्ये मिटली तेव्हा तेथील पुष्कळ मुलेही इकडे आली. मुंबईच्या पोलिश वकिलातीतील किरा बनासिन्स्का बाईंनी ह्या मुलांसाठी अपार कष्ट घेतले, आणि पुढे त्या आयुष्यभर ह्याच देशात राहिल्या. आपले भोर हेही तेव्हा पंतसचिवांचे संस्थान होते. येथे छावणी झाली नाही. परंतु अशक्त, छातीचे दुखणे असलेल्या पोलिश मुलांस हवापालटासाठी जेथे ठेवीत ती पाचगणी आपल्यापासून दूर नाही. मांढरदेवीचा घाट उतरून वाई गाठावी आणि पसरणीचा घाट चढावा, की आलीच पाचगणी. आपल्याच डोंगरांच्या पाठीमागे ती मुले उन्हात खाटा टाकून पडत होती.

त्यांच्या मनाची अवस्था कशी होती? त्यांनी प्रौढपणी लिहिलेल्या आठवणींवरून ती कळते. इंग्लंडात स्थायिक झालेल्यांनी तर आपली एक मंडळी स्थापून हिंदुस्थानातील दिवसांचा मोठा ग्रंथच काढला. पोटभर अन्न मिळू लागले तरी मुले पावाचा तुकडा उशीखाली लपवीत. उद्या मिळेल, ह्यावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता. पहलवीस उतरल्यावर आणखी एक भयंकर गोष्ट घडली होती. महिनोन्‌महिने उपाशी असलेल्या माणसांस एकदम तुपकट मटण व भात खावयास मिळाला, तो त्यांच्या आतड्यांस सोसला नाही, आणि उपासातून वाचलेली कित्येक माणसे जेवणाने मेली. जे पोटाचे तेच मनाचे, असे आम्हांस वाटते. मायेच्या उपाशी मुलाला एकदम मिठ्या मारून, ‘आता मीच तुझी आई’ म्हणून, त्याच्या तोंडात माया कोंबू नये. त्याला ती सोसत नाही, आणि शिवाय त्याची आई त्याच्या मनात बसलेली असते, तिची जागा कोणी घेतलेली त्याला खपत नाही. घोट घोट, रोज त्याच वेळी, त्याच हाताने, अशी ती दिली पाहिजे.

आपल्या मराठी भाषेत ह्या दुखण्यांची नावे पूर्वीपासून आहेत. पोराने हाय खाल्ली, धसका घेतला, पोर झुरणीला लागले, असे आपल्या आज्या म्हणत. डॉक्टर आज त्यास आघातानंतरचा मानसिक ताण, विषाद इत्यादी नावे देतात. रात्री दचकून उठणे, मोठे मूल अंथरूण ओले करू लागणे, जेवण न जाणे, पोट किंवा डोके दुखते म्हणून तक्रार आणि तपासावे तो काहीच नाही, मोठ्याने दार आपटले की अंग चोरणे, अभ्यासात चित्त न लागणे, एकाएकी संतापणे, ही त्याची लक्षणे होत. निरनिराळ्या देशांत झालेल्या अभ्यासांत असे पुन्हा पुन्हा आढळले आहे की, आईबापांसह आलेल्या निर्वासित मुलांपेक्षा एकट्या आलेल्या मुलांत हा त्रास अधिक असतो. तसेच केवळ मागे पाहिलेल्या भयानक गोष्टींनीच तो होतो असे नव्हे. नव्या जागी आल्यावर आपणांस येथे राहू देतील की नाही, ह्या कागदाची वाट पाहण्यात जी वर्षे जातात, वारंवार ह्या घरातून त्या घरात हलविले जाते, त्यानेही मन खचते. उलटपक्षी एका जागी स्थिर राहणे, शाळेत आपण ह्यांतलेच आहोत असे वाटणे, आणि आपली भाषा बोलणारे कोणी जवळ असणे, ह्यांनी मूल सावरते.

एक लक्षण मात्र लोकांच्या ध्यानात येत नाही, आणि त्यासाठीच आम्ही येथे थोडे रेंगाळतो. ते म्हणजे फार शहाणे मूल. सांगितलेले ऐकते, कधी रडत नाही, धाकट्या भावाला जेऊ घातल्याशिवाय स्वतः घास घेत नाही. पाहुणे येतात आणि म्हणतात, किती समजूतदार पोर! अहो, दहा वर्षांची मुलगी चार वर्षांच्या भावाची आई झाली, ह्यात कौतुक करण्यासारखे काय आहे? तिचे बाळपण तिने गहाण टाकले आहे. अशा मुलीला भावापासून तोडू नये, हे तर झालेच. परंतु कोणी तरी थोरल्या माणसाने हळूहळू तिच्या हातातून तो भार घेतला पाहिजे, म्हणजे ती भांडेल, रुसेल, खेळण्यासाठी हट्ट करील. ती हट्ट करू लागली की समजावे, गुण येऊ लागला.

मेलेल्या आईबापांचे दुःख फार मोठे खरे, तथापि हरवलेल्यांचे त्याहून कठीण असते, कारण त्याला शेवट नाही. आई गेली असे कळले तर मूल रडेल, तिच्या नावाने मिस्सा होईल, क्रूस उभा राहील. पण आई आहे की नाही हेच ठाऊक नसेल तर? रडावे तर ती जिवंत असताना तिला मेली म्हटल्याचे पाप लागेल असे वाटते, आणि आशा धरावी तर रोज संध्याकाळी ती मोडते. त्यातच, आईने मलाच का दुसऱ्याच्या हाती दिले, माझे काय चुकले, हा किडा मनात शिरतो. वळिवड्याच्या मुलांचे डोळे म्हणूनच टपालाकडे लागलेले असत. कोणाचा बाप इटलीच्या रणांगणावर होता, कोणाची आई रशियातच राहिली होती. रेडक्रॉसने शोध लावून कित्येकांस पुन्हा नातलग मिळवून दिले. मुलाला खरे सांगावे, जेवढे ठाऊक तेवढेच सांगावे, आणि शोध चालू आहे असे म्हटले तर तो खरोखर चालू ठेवावा. ‘तुझी आई उद्या येईल हं’ ही थाप मोठ्यांच्या सोयीची असते.

टपालावरून आठवले. ज्या जुलै महिन्यात ती मुले बालाचडीस पोहोचली, त्याच महिन्यात, १८ जुलै १९४२ रोजी, पोलंडच्या राजधानीत वॉर्सा येथे यहुद्यांसाठी कोंडवाडा केलेल्या वस्तीत यानुश कोर्चाक नावाच्या डॉक्टरांनी आपल्या अनाथालयातील मुलांकडून आपल्या रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ हे नाटक करविले. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आजारी पोरक्या मुलाची ती कथा आहे. पुढल्याच महिन्यात जर्मनांनी त्या जवळजवळ दोनशे मुलांस ट्रेब्लिंकाच्या मरणछावणीत नेले. डॉक्टरांस स्वतःचा जीव वाचविण्याची संधी होती. ती नाकारून ते मुलांबरोबर गेले. ते ख्रिस्ती नव्हते, यहुदी होते. संतांच्या गोष्टी सांगताना त्यांचे नाव घ्यावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

त्याच सुमारास लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम ह्या दोन विदुषी बाँबगोळ्यांतून वाचलेल्या मुलांसाठी बालगृहे चालवीत होत्या. त्यांस एक विलक्षण गोष्ट दिसली. आईजवळ असलेले मूल बाँब पडत असतानाही बहुधा सावरून राही. सुरक्षित खेड्यात पाठविलेले, परंतु आईपासून तुटलेले मूल मात्र कोमेजून जाई. त्यांच्या बालगृहांत आरंभी सर्व दाया सर्व मुलांचे सर्व काही करीत. मग त्यांनी रचना बदलली. चारपाच मुलांचे एक कुटुंब केले आणि प्रत्येक कुटुंबाला एकच दाई नेमून दिली. न्हाऊ घालणे, कपडे बदलणे, निजविणे, सर्व तिनेच करावयाचे. पहिले काही दिवस मुलांत रडारड, ओढाताण, मत्सर ह्यांचा नुसता कल्लोळ माजला, आणि मग ती झपाट्याने बोलू लागली, शिकू लागली. माणूस आपले असल्याशिवाय त्याच्यावर रुसताही येत नाही, हेच त्यावरून दिसते. पुढे १९५१ साली जॉन बोल्बी ह्या इंग्रज डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी जो अहवाल लिहिला त्याचेही सार हेच की, बालकाच्या मनाच्या आरोग्यास एका स्थिर माणसाची माया अन्नाइतकीच आवश्यक आहे.

आपल्या देशात तिबेटी लोकांनी हे फार चांगले करून दाखविले. मे १९६० मध्ये रस्त्याच्या कामावरील तळांतून एक्कावन्न आजारी मुले धर्मशाळेस आणली गेली आणि दलाई लामांची थोरली बहीण त्यांची काळजी घेऊ लागली. त्यातून पुढे जे बालग्राम वाढले त्यात एक मोठी बराक नाही. लहान लहान घरे आहेत आणि प्रत्येक घराला एक पालक-आई आहे. पुढील कित्येक वर्षे तिबेटातील आईबाप आपली पोरे वाटाड्याबरोबर हिमालय ओलांडून एकटीच तेथे पाठवीत. आपल्या पुणे जिल्ह्यातही १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था ह्यांच्या भारतीय जैन संघटनेने तिकडील सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी आणली. जैन बांधवांनी ते उचलले, हे आपण कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

वळिवड्याचे पुढे काय झाले, हेही सांगण्यासारखे आहे. युद्ध संपले, पण पोलंडात रशियाच्या धोरणाचे सरकार आले, आणि पुष्कळ मुलांस परत जाण्याची धास्ती वाटली. त्यांस बळजबरीने पाठविता येऊ नये म्हणून जामसाहेब, फादर प्लुता आणि एक इंग्रज अधिकारी ह्यांनी मिळून मुलांचे कायदेशीर पालकत्व घेतले. एक हिंदू राजा, एक कॅथलिक धर्मगुरू व एक इंग्रज, आणि तिघांची मिळून शेकडो मुले! असे दत्तविधान शास्त्र्यांनी क्वचितच पाहिले असेल. १९४८ पर्यंत ही मंडळी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि काही पोलंड अशी पांगली. त्यांच्या रिकाम्या बराकींत फाळणीने देशोधडीला लागलेले सिंधी बांधव येऊन राहिले. आज त्या वस्तीस गांधीनगर म्हणतात आणि तेथील कापडबाजार सगळ्या दक्षिण महाराष्ट्रात नावाजलेला आहे. एका निर्वासिताने सोडलेल्या ओट्यावर दुसऱ्याने चूल मांडली. बालाचडीच्या जागी आज सैनिकी शाळा आहे. वॉर्सा शहरात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे, कोल्हापूरचे स्मारकही आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी दोन्ही ठिकाणी पुष्पे वाहिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर युद्ध कोसळले तेव्हा त्याच पोलंडने आपली दारे उघडली आणि युक्रेनमधील अनाथालयांतील मुलेही तेथे आश्रयास आली.

ती सगळीच मुले सुखी झाली असे मात्र कोणी समजू नये. काहींनी शेवटपर्यंत सैबेरियाचे नाव घरात काढले नाही. त्यांच्या मुलांना आईबापांच्या मरणानंतर कागदपत्रांवरून कळले. योसेफाने तोंड धुऊन बाहेर यावे तसेच ते होते. पुष्कळजण मात्र उभे राहिले, आणि म्हातारपणी कोल्हापूरला येऊन बराकीचा ओटा शोधीत फिरले.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या बोर्डिंगातील मुले निर्वासित नव्हेत, आणि त्यांस तसे म्हणणे अतिशयोक्ती होईल. तथापि त्यांतील कित्येकांचे आईबाप दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या कामावर निघून जातात आणि पावसाळ्याच्या तोंडी परततात. ह्यात कातकरी बांधव पुष्कळ आहेत. सहासात महिने ते पोर आईचे तोंड पाहत नाही. फोन असतो, परंतु चार्ज नसतो, किंवा रानात रेंज नसते. पहिल्या आठवड्यात त्या मुलांच्या पोटात दुखते. कोणी म्हणतो सोंग आहे, कोणी म्हणतो बाहेरचे आहे, अंगारा लावा. बंधूंनो, सोंग नव्हे आणि बाहेरचेही नव्हे, ते आतले आहे. प्रार्थना आपण अवश्य करू, धर्मगुरूने मुलाच्या डोक्यावर हात ठेवावाच. पण जे मूल महिना उलटला तरी जेवत नाही, निजत नाही, किंवा मरणाच्या गोष्टी बोलते, त्यास डॉक्टरांकडे न्यावे. पुण्यास ससूनमध्ये व येरवड्यास मनाचे डॉक्टर आहेत. सरकारची १४४१६ ही दूरध्वनिसेवा २०२२ पासून चालू आहे, तीवर मराठीत बोलता येते. आणि बाजारात, बसस्थानकावर एकटेच भेटलेले परप्रांतीचे मूल कोणीही परस्पर घरी ठेवून घेऊ नये, हेतू कितीही पवित्र असो. १०९८ ह्या क्रमांकावर कळवावे. कायद्याप्रमाणे चोवीस तासांच्या आत त्यास बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते, कारण कोठे तरी त्याची आई त्याला शोधीत असेल.

समितीपुढे प्रश्न असा आहे की महोत्सवनिधीतून बोर्डिंगच्या जुन्या खोल्या पाडून साठ मुलांसाठी एकच मोठे शयनगृह बांधावे काय. नकाशा आम्ही पाहिला. खर्च कमी, हवा खेळती, आणि एकच माणूस दारात बसून सगळ्यांवर देखरेख करू शकेल, अशी त्याची प्रशंसा झाली आहे. आम्हांस ह्या शेवटल्या वाक्याचीच भीती वाटते. साठ मुलांवर एक माणूस देखरेख करू शकेल, माया करू शकणार नाही. जुन्या खोल्या तशाच ठेवून त्यांची कौले व मोऱ्या दुरुस्त कराव्या, एका खोलीत आठदहा मुले, भावंडे एकत्र, असे आमचे मत आहे. उरलेल्या पैशांतून दोन मावश्यांचा पगार पाच वर्षे बांधून द्यावा, म्हणजे दर जूनला नवा चेहरा दिसणार नाही. त्यांतील एक तरी मावशी कातकरी भाषा जाणणारी असावी. महोत्सवाची संगमरवरी पाटी मात्र त्या कौलारू भिंतीवर तितकीशी शोभणार नाही, हे आम्हांस कबूल आहे.

आणखी एक गोष्ट. भट्टीवर निघण्यापूर्वी प्रत्येक आईने आपल्या वापरातले काही तरी, फडके, जुने लुगडे, काहीही, मुलाजवळ ठेवून जावे, आणि ते मळके आहे म्हणून कोणी धुवावयास टाकू नये. पाचगणीहून कोल्हापूरपर्यंत पसरलेल्या त्या मुलांजवळ आईचे असे काय उरले असेल, ह्याचा विचार करताना आम्हांस हे सुचले.

समितीची बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या पडवीत आहे. वेल्ह्याकडील मंडळींची परतीची एसटी चुकू नये म्हणून हाच विषय प्रथम घेण्यात येईल. ज्यांची मुले बोर्डिंगात आहेत त्यांनी अवश्य यावे व बोलावे, आणि मोठ्या शयनगृहाच्या बाजूचे जे आहेत त्यांनीही यावे.